उत्तरं कापून घेतलेलं पुस्तक

मी इंग्रजीचं सराव-पुस्तक बोलतोय. खरं तर पुस्तकाने ‘बोलतंय’ म्हणायला हवं, पण तसं म्हटलं की ऐकणाऱ्याला एखादं तान्हं बाळ आठवतं, म्हणून राहू दे. आधीच माझ्या आयुष्यात गोंधळ काही कमी नाहीत.

छापखान्यातून निघालो तेव्हा मी दोनशे बारा पानांचा होतो. व्याकरण, शब्दसंग्रह, अलंकार, निबंध, सगळं पोटात. शेवटची आठ पानं उत्तरांची. ती मी स्वतः धड पाहिलीही नव्हती, तोवर माझ्या पहिल्या मालकिणीच्या, म्हणजे दहावीतल्या एका मुलीच्या वडिलांनी दाढीचं पातं घेतलं आणि ती आठही पानं सफाईने कापून कपाटात बंद केली. “आता बघू, मागचं पान उघडून कशी उत्तरं लिहितेस,” म्हणाले. तेव्हापासून माझ्याकडे बाराशे प्रश्न आहेत आणि उत्तर एकही नाही. लोक मला मोठ्या आशेने उघडतात आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसतो.

मुलगी हुशार होती, अक्षर मोत्यासारखं. पण तिची एक रीत मला कधी उमगली नाही. ती प्रत्येक प्रश्न आधी वहीत सोडवायची, मग माझ्यावर पेन्सिलने उत्तर लिहायची, आणि ही दोन उत्तरं कधीच जुळायची नाहीत. लिहिताना गालातल्या गालात हसायची. घरात तिची आतेबहीण राहायला होती. ती रोज शिकवणीला जाण्याआधी मला गुपचूप उचलायची, भराभर उत्तरं उतरवून घ्यायची आणि होतो तिथे ठेवून द्यायची. परत यायची तेव्हा डोळे लाल असायचे. मला वाटायचं, शिकवणीचे सर फार कडक असतील.

परीक्षा संपली आणि मी जुन्या पुस्तकांच्या दुकानात येऊन पडलो. दीड वर्षाने मला तिथून उचललं ते चाळिशीच्या एका बाईने. ती मोठ्या इस्पितळाच्या लाँड्रीत इस्त्री करायची. तिथे सगळे तिला ताई म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. पहिल्याच पानावरची पेन्सिल बघून तिचा चेहरा उजळला. “अहो, बघा तरी! कुणीतरी आधीच सोडवून ठेवलंय. आपलं निम्मं काम झालं की!”

नवऱ्याने मान डोलावली. तो त्याच इस्पितळात लिफ्ट चालवायचा.

काम साधं नव्हतं. वीस वर्षं वाफेत उभं राहून ताईच्या पाठीचं आणि गुडघ्यांचं पार भुस्कट झालं होतं. उभं राहणं सोडा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. इस्पितळाच्या कपड्यांच्या स्टोअरमधली जागा रिकामी होणार होती. खुर्चीत बसून चादरी, उश्यांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले यांची नोंद ठेवायची. जागा ताईला द्यायला साहेब तयार होते, फक्त दहावी पास हवी. आणि ताईची दहावी इंग्रजीपाशी अडली होती, ती गेली तेवीस वर्षं तिथेच अडलेली. फॉर्म भरला होता. या खेपेला गाडी पुढे सरकली नाही, तर जागा बाहेरच्या माणसाला जाणार आणि ताईला घरी बसावं लागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मग अभ्यास सुरू झाला. एक चादर घडी करायची, एक शब्द पाठ करायचा. शंभर चादरी, शंभर शब्द. दुपारच्या सुट्टीत ताई लिफ्टमध्ये स्टुलावर बसायची आणि नवरा मला हातात धरून मजल्यामजल्यावर प्रश्न विचारायचा. पेन्सिलशी ताडून बघायचा आणि “शाब्बास!” म्हणायचा. दोन महिन्यांत ताई घडाघडा बोलायला लागली. मीही हुरळून गेलो. वाटलं, शेवटी आपल्या हातून कुणाचं तरी भलं होतंय.

परीक्षेला सतरा दिवस होते. लिफ्टमध्ये चाकाच्या खुर्चीवर एक वयस्कर बाई होत्या, पाय प्लास्टरमध्ये, एक्स-रे काढून वॉर्डात निघालेल्या.

“होस्ट म्हणजे?” नवऱ्याने विचारलं.

“पाहुणा!”

“शाब्बास!”

“चूक,” खुर्चीतून आवाज आला.

नवऱ्याने पुन्हा पेन्सिल बघितली. “नाही हो, बरोबर आहे. बरं, ती वाऱ्यासारखी धावली. अलंकार कुठला?”

“मेटॅफर!”

“तेही चूक. अहो, ‘सारखी’ असं उघड म्हटलंय ना? सिमिली तो, आपली उपमा. आणा बघू ते पुस्तक इकडे.”

त्या इंग्रजीच्या निवृत्त शिक्षिका होत्या. लिफ्ट सहाव्या मजल्यावर थांबली, खालून लोक घंटी बडवत होते, आणि बाई माझं एकेक पान उलटत होत्या. मला दरदरून घाम फुटला असता, पण कागदाला तेवढी सोय नाही. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

“चार पर्यायांवर डोळे मिटून बोट ठेवलं, तरी एखादं उत्तर बरोबर येतंच. इथे चाळीस पानांत एक नाही. इतकं नेमकं चुकायला बरोबर उत्तर माहीत असावं लागतं, ताई. पहिल्या पानावर जिचं नाव आहे, ती मुलगी कुणाला तरी मुद्दाम फसवत होती.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती वही, ते हसू, आतेबहिणीचे लाल डोळे. एका घरातलं भांडण मी अंगावर वागवत होतो आणि ते भलत्याच बाईच्या डोक्यात जाऊन बसलं होतं. मी खोटं बोललो होतो का? मी तर काहीच बोललो नव्हतो. पण ताई इस्त्रीच्या टेबलापाशी कपड्यांच्या गाठोड्यावर बसून हमसून हमसून रडली, तेव्हा मला स्वतःची लाज वाटली.

“जाऊ दे गं,” नवरा म्हणाला. “पुढच्या वर्षी...”

“पुढच्या वर्षी जागा राहील का? आणि पाठ केलंय ते कसं पुसायचं हो? रबराने?”

दुसऱ्या दिवशी ती धुतलेली चादर घेऊन बाईंच्या वॉर्डात गेली. चादर बदलणं तिचं काम नव्हतं, पण जायला निमित्त हवं होतं. बाई म्हणाल्या, “मला इथे अजून बारा दिवस काढायचेत. रोज या. आणि खबरदार, काही पुसायचं नाही.”

मी चक्रावलो. ताईही. “पण सगळं चूक आहे ना, बाई?”

“म्हणून तर! माणूस नेमका कुठे घसरतो, हे या मुलीला बरोब्बर ठाऊक होतं. तिने प्रत्येक खड्ड्यावर खूण करून ठेवलीय. तुम्ही फक्त एवढंच विचारायचं, बये, इथे मला कशी पाडणार होतीस?”

बारा दिवस हाच उद्योग चालला. बाई उत्तर कधीच सांगायच्या नाहीत. ताई पेन्सिलच्या अक्षरांशी भांडायची. “अस्सं! दोन शब्द दिसायला सारखे म्हणून होय? आणि इथे काळ बदलून ठेवलास? अगं सटवे!” आजूबाजूच्या खाटांवरच्या बायकाही हसायच्या. तरी चुकीचं उत्तर आधी जिभेवर यायचंच. ताई थांबायची, ते गिळायची आणि मग दुसरं शोधायची. शोधून काढलेलं ती माझ्यावर पेनाने लिहायची. आता प्रत्येक प्रश्नाखाली दोन-दोन उत्तरं आणि मी पूर्वीपेक्षा दुप्पट गोंधळलेला.

परीक्षेच्या दिवशी मला आत प्रवेश नव्हता. शाळेच्या फाटकाबाहेर नवरा मला मांडीवर घेऊन तीन तास बसला. त्याने मला दोनदा उलटंसुद्धा धरलं. ताई बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा असा होता की त्याला विचारायचा धीर होईना.

“निबंधात अडकले होते,” शेवटी तीच म्हणाली. “एका वस्तूचं आत्मवृत्त लिहा, म्हणे. पाठ केलेलं काहीच उपयोगी पडेना. मग ह्या आपल्या पुस्तकावरच लिहिलं.”

“ह्याच्यावर? काय लिहिलंस?”

“तेच बोलतंय असं लिहिलं. जे मनात आलं ते. दोन पानं भरली.”

ताई पास झाली. सत्तेचाळीस गुण. कुठल्या प्रश्नाला किती, ते निकालात लिहीत नाहीत. आता ती स्टोअरमध्ये खुर्चीवर बसते आणि मी तिच्या टेबलाच्या खणात असतो. तिला अधूनमधून एखादा शब्द अडला की ती मला बाहेर काढते.

पण त्या दोन पानांचं काय? जन्मभर मी एक प्रश्न सोडवू शकलो नाही आणि ताईने मला इंग्रजीत बोलायला लावलं, तेही परीक्षेत! मी काय बोललो असेन? स्वतःची बाजू मांडली असेन, की माफी मागितली असेन? ताईला एकदा नवऱ्याने विचारलंही होतं. ती हसून म्हणाली, “आता कुठलं आठवतंय?”

वाचकहो, तुमच्यापैकी कुणी ते पेपर तपासले असतील, तर माझं एवढं ऐका. हाती लाल पेन घेऊन तुम्ही माझं बोलणं वाचलंत. त्यात मी ताईची माफी मागितली होती का, एवढंच मला कळवा. व्याकरण चुकलं असेल, तर चुकू दे.