पेन्सिलीचं पुस्तक

मी ‘मान थोडी खाली’ बोलतोय. हा हुकूम नाही, माझं नाव आहे. चाकूरच्या ईश्वरप्पा फोटोग्राफरांच्या एकशे बारा कविता आणि एकोणीस गोष्टी मिळून मी झालो. पानं तीनशे चार. जन्म लातूरच्या एका छापखान्यात, मंगळवारी, वीज दोनदा जाऊन आल्यावर. त्यामुळे माझं एकोणसत्तरावं पान जरा फिकट आहे. तेवढं सोडलं तर जन्माला आलो तेव्हा प्रकृती ठणठणीत होती. आता नाही, पण ते ओघानं येईल.

ईश्वरप्पांनी चाळीस वर्षं लग्नांचे फोटो काढले. बसस्टँडच्या मागं त्यांचा स्टुडिओ होता. ‘हसा’ म्हटल्यावर माणूस कसा हसतो, हे ज्यानं चाळीस वर्षं भिंगातून बघितलं, त्याचा माणसांवरचा विश्वास फार दिवस टिकत नाही. नवरदेवाशेजारी उभं राहायला चुलते एकमेकांना कोपरं कशी मारतात, आहेराचं पाकीट देताना लोक नवरीकडं न बघता कॅमेऱ्याकडं कसं बघतात, हे सगळं ते वहीत टिपून ठेवायचे. पुढं प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला, स्टुडिओला कुलूप लागलं आणि वह्या बाहेर निघाल्या.

माझ्या पहिल्याच पानावर ही कविता आहे:

लग्नाच्या फोटोत सारे हसतात,
मी ‘हसा’ म्हणतो म्हणून.
वीस वर्षांनी तोच फोटो बघून हसतात,
कुणी न सांगता, अगदी मनापासून.

लोकांना असलं फार आवडतं. का आवडतं, यावर फडताळात उभ्या उभ्या मी बराच विचार केला. वाचणाऱ्या प्रत्येकाची खात्री असते की हे शेजाऱ्याबद्दल लिहिलंय. प्रकाशनाच्या दिवशी प्रमुख पाहुण्यांनी मला ‘ही सुंदर कादंबरी’ म्हणून हवेत उंच धरलं. न वाचता भाषण करणाऱ्या पाहुण्यांवर माझ्यात एक गोष्ट आहे, पान एकशे अठ्ठावीस. पाहुणे बोलत होते तेव्हा ईश्वरप्पा व्यासपीठावर मान थोडी खाली घालून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

त्याच संध्याकाळी त्यांनी माझ्या आतल्या पानावर लिहिलं, ‘सौ. शरणम्मास. वाचणार नाहीस हे माहीत असून.’ आणि मला बायकोच्या हातात दिलं.

शरणम्मांचं माहेर सीमेपलीकडं, औरादकडचं. शाळा सातवीपर्यंत, तीही कानडीतून. मराठी त्या लग्नानंतर शिकल्या, कॅलेंडरच्या मागच्या बाजूवरून आणि पुड्या बांधून आलेल्या वर्तमानपत्रांवरून. हे ईश्वरप्पांना माहीत होतं, पण त्यांच्या हिशेबी ते वाचन नव्हतं. शरणम्मांनी मला उलटंसुलटं करून बघितलं, पदरानं पुसलं आणि पिठाच्या डब्यावर ठेवलं. तिथं मी सात महिने राहिलो. वाऱ्यानं पापड उडू नयेत म्हणून मी काम केलं, दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून काम केलं. माझ्या मागच्या पुठ्ठ्यावर पातेल्याचा गोल वळ अजून आहे.

मग एके दिवशी शेजारची पुनम हळद मागायला आली आणि म्हणाली, “काकू, तुमच्यावर पण लिहिलंय की काकांनी. पान सत्त्याऐंशी.”

“माझ्यावर काय लिहिणार? मी काय नवरी हाय का नटलेली?”

पुनम गेल्यावर त्यांनी दार पुढं लोटलं, चष्मा लावला आणि सत्त्याऐंशीवं पान काढलं. एकेका अक्षरावर बोट ठेवून त्यांनी वाचलं:

तीस वर्षं एका छपराखाली काढली,
भांडण एकदाही झालं नाही.
मी बोलत राहिलो कवितांमधून,
तिनं कविता कधी वाचली नाही.

शरणम्मा उठल्या आणि फोटोतले वांग, मुरमाचे डाग झाकायला ईश्वरप्पा वापरायचे ती बारीक टोकाची पेन्सिल ट्रंकेतून काढून आणली. माझ्या समासात गोलगोल, कानडी वळणाच्या अक्षरात त्यांनी लिहिलं: ‘भांडण रोज व्हायचं. तुम्ही उठून स्टुडिओत जाऊन बसायचे.’

मला गुदगुल्या झाल्या. छापखान्यानंतर माझ्या अंगावर पहिल्यांदाच कुणीतरी लिहीत होतं.

त्यानंतर रोज दुपारी, ईश्वरप्पा झोपले की, दोन-चार पानं व्हायची. अर्धापूरचे पाहुणे केळीचा घड आणतात आणि जाताना निम्मा परत नेतात, अशी एक गोष्ट माझ्यात आहे. तिच्या शेजारी आलं: ‘तुम्हीच म्हणालात, एवढी केळी कोण खाणार. ते बिचारे लाजून घेऊन गेले.’ एका गोष्टीचा शेवट ‘या जगात कोणी कोणाचं नाही’ असा आहे. वाचनालयात लोक तो मोठ्यानं वाचून दाखवतात. त्याखाली शरणम्मांनी लिहिलं: ‘हे लिहिताना तीन वेळा चहा मागितला. तिन्ही वेळा मिळाला.’

आणि एक होती ‘पाठमोरा’ नावाची गोष्ट. एक म्हातारी नवऱ्याच्या मरणानंतर स्टुडिओत येते. भिंतीवर लावायला फोटो पाहिजे. सापडतो तो एकच, कुणाच्या तरी पंगतीतला, त्यातही नवऱ्याची पाठ. ती तोच फ्रेम करून नेते. शेवटचं वाक्य असं: ‘चाळीस वर्षांच्या संसारानंतर तिला तोंडाची तशी फारशी गरज उरली नव्हती.’

या गोष्टीशी शरणम्मा दोन दुपारी बसल्या. समास पुरला नाही तेव्हा त्या ओळींच्या मधल्या जागेत शिरल्या. ‘खोटं हाय. धोंडाबाईला पाठीचा फोटो दिलाच न्हाई. यांनी चार दिवस जुन्या निगेटिव्ह उजेडाला धरून बघितल्या. कंधारच्या एका वरातीत, बँडवाल्याच्या मागं, त्या माणसाचं तोंड सापडलं. मोठं करून दिलं. चार दिवस जेवायला वेळेवर आले न्हाईत. हे लिहायला लाज वाटली का.’

पुढं शरणम्मा पंधरा दिवसांसाठी लेकीकडं, शिल्पाकडं, लातूरला गेल्या. त्यांची पाठ वळली आणि वाचनालयाच्या महामायाबाई घरी आल्या. वाचनालयातली माझी प्रत कुणीतरी नेऊन परत केली नव्हती. त्यांना दुसरी पाहिजे होती.

“एकच उरलीय,” ईश्वरप्पा म्हणाले आणि स्वयंपाकघरात येऊन त्यांनी मला डब्यावरून उचललं. माझ्यावरचं पीठ झटकलं. “घेऊन जा. ही काही वाचत नाही.”

मला ओरडावंसं वाटलं. पण पुस्तकाला कुणीतरी उघडल्याशिवाय बोलता येत नाही.

वाचनालयात मला पहिल्यांदा नेलं ते साहेबरावांनी. निवृत्त कंडक्टर, आवाज खणखणीत. दुसऱ्याच दिवशी ते परत आले आणि टेबलाशी उभं राहून म्हणाले, “बाई, ह्या पुस्तकात दोन माणसं हायत. एक छापील हाय आन् एक पेन्सिलीत हाय. पेन्सिलवालं लई भारी हाय.” मग त्यांनी वर्तमानपत्र वाचत बसलेल्या सगळ्यांना तीन चहांचा किस्सा वाचून दाखवला.

दहा दिवसांच्या आत लोक मला ‘पेन्सिलीचं पुस्तक’ म्हणायला लागले. महामायाबाईंनी नंबरांसाठी वेगळी वही घातली. अक्षर कुणाचं हे त्यांनी आतल्या पानावरचं नाव वाचून ओळखलं असावं, पण त्या कुणाला काही बोलल्या नाहीत.

ईश्वरप्पा रोज वर्तमानपत्र वाचायला तिथं यायचे. आपलं पुस्तक हातोहात फिरतंय हे बघून त्यांची छाती फुगली. “लोकांना आता उपरोध कळून राहिलाय,” ते साहेबरावांना म्हणाले. साहेबरावांनी मान हलवली आणि मला मांडीखाली सरकवलं. पण लेखकाचा कान तयार असतो. माणसं भलत्याच ठिकाणी हसतायत, हे त्यांच्या ध्यानात आलं. ‘कोणी कोणाचं नाही’ या वाक्याला कुणी हसायचं कारण नव्हतं.

इतक्यात शरणम्मा लातूरहून आल्या. घरात डब्यावर मी नाही, मला वाचनालयात दिलंय हे कळल्यावर, पिशवी टेकवली तशी त्या तडक वाचनालयात आल्या. तिथं पाय ठेवायची त्यांची ही पहिलीच वेळ. नेमक्या त्याच वेळी दोन कॉलेजच्या मुली केळीच्या घडाचं वाचून खिदळत होत्या. शरणम्मा दारातच थबकल्या. चेहरा पांढराफटक पडला.

“बाई, ते पुस्तक चुकून आलंय,” त्या महामायाबाईंना हळूच म्हणाल्या. “त्यातलं खोडायचंय मला. यांनी बघितलं तर घरात राहणं मुश्कील होईल.”

“काकू, आता कसं खोडता? सात जणांचे नंबर लागलेत.”

“त्या पोरी हसून राहिल्यात. मला हसतायत का?”

“तुम्हाला नाही. तुमच्याबरोबर हसतायत.” महामायाबाईंनी वही पुढं केली. “आणि आठवा नंबर काकांचा आहे. कालच नाव लिहून गेले.”

शरणम्मा खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी पाणी मागितलं.

आठवा नंबर आला. ईश्वरप्पांनी मला लगेच घरी नेलं नाही. वाचनालयाच्या ओट्यावर बसून दोन दुपारी वाचलं. पहिल्या दिवशी रागानं कान लाल होते. दुसऱ्या दिवशी केळीपाशी त्यांना हसू फुटलं. ते त्यांनी खोकल्यात लपवलं. ‘पाठमोरा’पाशी ते थांबले आणि बराच वेळ रस्त्याकडं बघत बसले. मग मला काखेत मारून घरी आले.

शरणम्मा भाकरी थापत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

“माझी बदनामी केलीस तू,” ईश्वरप्पा म्हणाले.

“काय केलं मी?”

“पान दोनशे सहा. धोंडाबाई. आता लोक मला भला माणूस समजतील.”

“समजू द्या की.”

“चाळीस वर्षं लागली मला खवचट म्हणून नाव कमवायला. तू एका पेन्सिलीनं घालवलंस.”

शरणम्मांनी भाकरी उलटली, हात पुसले आणि एक हात पुढं केला. “द्या इकडं. खोडते.”

ईश्वरप्पांनी मला दिलं नाही. दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

“द्या की. खोडायचंच हाय ना?”

“थांब जरा. एकशे बत्तीस पानावर तू कायतरी लिहून खोडलंयस. ते लागत नाही.”

एकशे बत्तीसवर एक छोटी कविता आहे, टोमणा नसलेली एकच. स्टुडिओ बंद केला त्या दिवसाची. शरणम्मांनी मान वळवली. “असेल कायतरी.”

“‘चांगली हाय’ असं दिसतंय.”

“मग असेल.”

“मग खोडलं का?”

“तुम्ही फुगाल म्हणून.”

अडुसष्ट वर्षांचा माणूस, ज्यानं अख्ख्या तालुक्याची टर उडवली, तो चुलीजवळच्या पाटावर बसला आणि म्हणाला, “फुगलो असतो.” त्या दिवशी एक भाकरी करपली.

आठवड्यानं, पेन्सिलीची गोष्ट कानावर गेलेल्या नांदेडच्या एका वाचक मंडळाचं पत्र आलं. लेखकानं यावं आणि ‘पेन्सिलवाल्या बाईंना’ नक्की आणावं. ईश्वरप्पांनी पत्र दोनदा वाचलं. “मी चाळीस वर्षं लिहितोय,” ते म्हणाले, “आणि बोलावणं समासाला.” तरी बसचं आरक्षण त्यांनीच केलं, दोघांचं.

नांदेडला शरणम्मा व्यासपीठावर चढल्या नाहीत. पहिल्या रांगेत बसून राहिल्या. ईश्वरप्पा एकेक कविता वाचायचे आणि मला खाली त्यांच्याकडं द्यायचे. त्या बोट ठेवून आपलं वाचायच्या, मला वर द्यायच्या. असा मी तासभर वर-खाली करत होतो. शेवटी एकानं विचारलं, “इतक्या कडू लेखकाबरोबर तुम्ही इतकी वर्षं कशा राहिलात?”

शरणम्मांनी विचार केला. “लेखक मी बघितलाच न्हाई,” त्या म्हणाल्या. “तो स्टुडिओत बसायचा. घरी जेवायला यायचे ते हे.”

टाळ्या थांबेनात. ईश्वरप्पांनी चष्मा काढून पुसला. काचा स्वच्छच होत्या.

लातूरच्या छापखान्यानं मला पेन्सिलीसकट पुन्हा छापायची तयारी दाखवली. शरणम्मांनी नको म्हटलं. “छापलं की खोडता येत न्हाई.” मला घरी ठेवायलाही त्या तयार झाल्या नाहीत. “लोक वाट बघून राहिलेत, त्यांचं त्यांना द्या,” म्हणाल्या. म्हणून मी आता वाचनालयातच असतो. माझा कणा तीनदा चिकटवलाय. कोपरे कुत्र्याच्या कानासारखे लोंबतात. दर गुरुवारी दुपारी शरणम्मा येतात, कोपऱ्यातल्या टेबलाशी बसतात आणि राहिलेल्या पानांवर लिहितात. अजून बावन्न पानं कोरी आहेत.

तुम्ही मला न्याल तेव्हा एवढं करा. पान उलटताना बोटाला थुंकी लावू नका. जेवताना मला ताटाशेजारी ठेवू नका, झाकण म्हणून मी खूप राबलोय. हसू आलं तर खुशाल हसा, पण समासात पेन चालवू नका. ती जागा दिलेली आहे.

आणि जरा सबुरीनं घ्या. सध्या वहीत अकरा जणांचे नंबर आहेत. नववा ईश्वरप्पांचा. गेल्या गुरुवारी नवीन काय लिहिलं ते बघायचंय म्हणून ते दोनदा टेबलाशी येऊन गेले. महामायाबाईंनी त्यांनाही तेच सांगितलं: नंबर आला की मिळेल.