पाळकांच्या हातचा कागद

"लिवा की पाळकसाब, हात का आकडलाय?" सयाजी म्हणाला आणि उंबऱ्यातच मांडी घालून बसला.

रविवारची चर्चमधली उपासना आटपून अर्धा तास झाला, तरी मंडळी घरी जायचं नाव घेत नव्हती. सोळा घरांची माणसं पाळकांच्या सोप्यात दाटीवाटीनं बसलेली. भानगड होती शांतवन पाळकांच्या बदलीची. बारा वर्षांनी कोल्हापूरहून वरच्या मंडळाचं पत्र आलं होतं. शहरात जागा आहे, गावच्या मंडळीनं 'आम्ही पाळकांना सोडतो' असं लेखी कळवलं तर एप्रिलपासून या.

मंडळीला सोडायचं नव्हतं. आणि 'सोडत नाही' हे लिहायला माणूस कोण, तर खुद्द पाळक. शिकलेली पोरं इचलकरंजीला मागावर गेलेली. शाळेचे गुरुजी होते, पण मंडळीचा कागद बाहेरच्या हातानं लिहायचा नाही, ही रीत पाळकांनीच घालून दिलेली. आता आपल्याच दाराला बाहेरून कडी घालायची पाळी त्यांच्यावर आली होती.

"सयाजी, हिचा दमा तुला ठाऊक आहे," पाळक म्हणाले.

आत त्यांच्या पत्नी एस्तरबाई खाटेवर बसून श्वास ओढत होत्या. आडवं झालं की छाती भरायची. घराला लागूनच गुऱ्हाळ. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत चुलवाण पेटलेलं, आणि चिपाडाचा धूर वळचणीतून थेट घरात. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, या धुरात आणखी एक हंगाम काढू नका. गुऱ्हाळ बंद करा म्हणावं, तर तिथं राबणारी निम्मी माणसं मंडळीतलीच. पाळकांनी बारा वर्षांत चार वेळा हा विषय काढायचं ठरवलं होतं आणि चारी वेळा गुळाची ढेप घेऊन परत आले होते.

"म्हाईत हाय की," सयाजी म्हणाला. "बाईसाबांस्नी चार म्हैनं माझ्या मळ्यात ठेवूया. खोप शाकारून देतो. पर तुमी ऱ्हायलाच पायजे. दुष्काळात धान्य कुनी आनलं? माझ्या आईला खांदा कुनी दिला? लिवा."

पाळकांनी टाक उचलला. आतून खोकल्याची उबळ आली, आणि त्यांचा हात भलतंच लिहून गेला. 'आमच्या पाळकांना आम्ही राजीखुशीनं सोडतो. त्यांची पत्नी आजारी आहे.' मग त्यांनी कागद वर धरून मोठ्यानं वाचलं, "आमच्या पाळकांना आम्ही सोडत नाही. ते आमच्या घरचे आहेत." आवाज जरासुद्धा कापला नाही. त्याचीच त्यांना भीती वाटली.

अंगठे उठू लागले. शेवटी बयाबाई आली. सत्तरीची म्हातारी, पण अंगठा देत नसे, सही करायची. पाळकांनी तिला तीन वर्षं खपून वाचायला शिकवलं होतं. छापील अक्षर तिला बारीक पडायचं, म्हणून शुभवर्तमानातल्या ओळी ते वहीत ठळक लिहून द्यायचे. एसटीची पाटी तिला कळायची नाही, गुरुजींचा फळा कळायचा नाही. जगात एकच अक्षर तिला वाचता यायचं, आणि कागद त्याच अक्षरात होता. लिहिताना हे पाळकांच्या ध्यानातच आलं नाही.

म्हातारीनं ओळीखाली बोट धरलं. बोट सरकत गेलं, थांबलं, मागं येऊन पुन्हा सरकलं. आता ते पाळकांच्या ध्यानात आलं.

"काय गं बयाकाकू, बरोबर हाय न्हवं?" सयाजीनं विचारलं.

तिनं आतल्या दाराकडं पाहिलं. एस्तरबाईंचा दम सोप्यात ऐकू येत होता.

"पाळकसाबांनी वाचलं तसंच हाय," ती म्हणाली आणि सही केली.

पाळकांना ते सोसवेना. ज्या म्हातारीला त्यांनी खरं बोलायला शिकवलं, ती त्यांच्याच घरात त्यांच्यापायी खोटं बोलली होती. "थांबा," ते म्हणाले, आणि कागदावर काय लिहिलंय ते सगळं सांगून टाकलं.

शेजारी चरकाचं इंजिन धडधडत होतं. आता ही माणसं थुंकतील आणि जा म्हणतील, असं पाळकांना वाटलं, आणि लाज वाटण्याऐवजी त्यांना हलकं वाटलं.

सयाजीनं पटक्याच्या शेवानं डोळे पुसले. "पाकिटात घालून मोकळं झाला असतासा. आमास्नी काय कळनार हुतं? तरीबी सांगितलासा. असला मानूस सोडायचा व्हय रं?"

"न्हाय, न्हाय," सगळा सोपा म्हणाला.

"मग घ्या दुसरा कागद. लिवा."

पाळकांनी लिहिलं. या खेपेला लिहिलं तेच वाचलं. अंगठ्यांची शाई अजून वाळली नव्हती, तेच अंगठे पुन्हा उठले. कागद बयाबाईपुढं आला. तिनं तो परत सारला.

"सही कर की, काकू."

"मला वाचाय येत न्हाय."

"आत्ता तर वाचलंस."

"मगाशी येत हुतं," ती म्हणाली, उठली, आणि आत जाऊन एस्तरबाईंची पाठ चोळत बसली.

पाळकांनी तिच्या नावापुरती जागा कोरी सोडली आणि पाकीट चिकटवलं.