भरल्या गाडीची उंची

"त्या गाडीत बसण्यापेक्षा मी मेंढीवर बसून येईन!" असं एर्मेकच्या सासूबाईंनी फोनवर ठणकावून सांगितलं. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे ते अख्ख्या घराने ऐकलं.

सासूबाईंचं तरी काय चुकलं? वसंतात एर्मेक त्यांना बिश्केकच्या बसस्टँडवरून घरी आणायला गेला होता. शाळेपुढच्या स्पीडब्रेकरवर गाडी अशी आदळली, की सासूबाईंचं डोकं टपाला लागलं, रुमाल डोळ्यांवर आला आणि मांडीवरचं सायीचं भांडं कोटावर उपडं झालं. पुढची सगळी वाट त्या गप्प होत्या. तुर्सुनाय आपा (सासूबाईंना सगळे असंच म्हणत) गप्प बसल्या म्हणजे प्रकरण किती गंभीर, ते त्यांच्या गावात कुणीही सांगेल.

आता एर्मेकच्या लेकीचं, आयपेरीचं तुशू कापायचं होतं. पोर नुकती पावलं टाकायला लागली होती. तिच्या पायांना काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी बांधायची, मुलांनी लांबून धावत यायचं आणि जो पहिला येईल त्याने ती दोरी कापायची, म्हणजे पोर पुढे न अडखळता चालते. समारंभ एर्मेकच्या वडिलांच्या अंगणात होता. अशा दिवशी सासूला जावई स्वतःच्या गाडीने आणतो. विहीणबाई बसमधून उतरून पिशवी सावरत चालत आल्या, तर सोयऱ्यांत तोंड दाखवायला जागा उरत नाही.

"माझी आई बसने आली, तर सोमवारी ही गाडी विकायची," जीबेक नवऱ्याला म्हणाली. चिडून म्हणाली असती तर त्याने दुर्लक्ष केलं असतं. ती हसत म्हणाली, म्हणून तो घाबरला.

कारण त्या गाडीवर त्याचा जीव होता. जुनी, पांढरी, जपानी. तिला त्याने कॉइलओव्हर बसवले होते, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकात एक, उंची हवी तशी खाली-वर करता येईल असे. 'हवी तशी' म्हटल्यावर हा गडी थांबतोय कुठे? रविवारी मित्रांच्या गाड्या रांगेत लागत, त्यात याची सगळ्यांत जमिनीलगत. मांजरालाही तिच्याखालून मान मोडून जावं लागे.

तो गाडी घेऊन त्याच्या मित्राच्या, तालायच्या गॅरेजवर गेला. तालाय गाड्यांना रंग द्यायचा, पण सल्ला कशावरही द्यायचा.

"खाली कशी आणलीस?" तालायने विचारलं.

"स्प्रिंगखालची रिंग फिरवली. फिरवत गेलो, गाडी बसत गेली."

"आणि शॉकअपला हलायला जागा किती उरली?"

"असेल की."

"बघू या ना साहेब!"

समारंभाच्या दोरीतून उरलेली लोकर गाडीतच पडली होती. तालायने तिचा एक तुकडा शॉकअपच्या चकचकीत दांड्याला घट्ट बांधला. शॉकअप जितका दबेल तितका धागा वर सरकेल, असा हिशेब. दोघे गल्लीतून एक चक्कर मारून आले. धागा जेमतेम बोटभर सरकून वरच्या रबराला चिकटला होता. म्हणजे शॉकअप आधीच बसलेला; एवढासा खड्डा आला, की थेट रबरावर धाड.

"तू गाडीचे पाय बांधून ठेवलेस, गाढवा," तालाय म्हणाला. "आणि वर तिला पळ म्हणतोस."

एर्मेकला खरोखर वाईट वाटलं. गेलं वर्षभर तो त्या धक्क्यांना 'स्पोर्टी' म्हणत आला होता.

मग जॅक लागला, पाने निघाले. शॉकअपची नळी तळाच्या कपात, म्हणजे चाकाकडच्या खोबणीत, फिरवून खाली-वर होत होती. उंची तिथून उतरवायची आणि स्प्रिंगखालची रिंग परत तिच्या जागी वर न्यायची, एवढंच ते होतं. संध्याकाळपर्यंत गाडी पूर्वीइतकीच खाली बसली, आणि धाग्याला वर चढायला भरपूर जागा मिळाली. एर्मेक स्पीडब्रेकरवरून गेला, वळून परत गेला, आणि लहान पोरासारखा ओरडला.

तेवढ्यात आयपेरीला कडेवर घेऊन जीबेक आली. तिने सगळं ऐकून घेतलं.

"रिकामी चालवून बघितलीस?"

"हो."

"आपल्यात समारंभाला रिकामी गाडी कोण नेतं रे?"

जीबेक मागे बसली. तालायने शेजारच्या टायरवाल्याला बोलावलं, त्याच्या धिप्पाड भावालाही बसवलं, डिकीत पिठाची पोती टाकली. स्पीडब्रेकरवर पुन्हा धाड. धागा रबराला!

"मागची स्प्रिंग थोडी आवळ," तालाय म्हणाला. "भरल्या गाडीतही दांडा वर राहील."

"पण गाडी वर येईल."

"दोन बोटं."

"मग खालून पुन्हा उतरवू."

"उतरव. भरल्या गाडीत चाक मडगार्डला घासेल, ते ऐकत सासूबाई येतील."

एर्मेक चाकापाशी उकिडवा बसला. त्या दोन बोटांसाठी त्याने मित्रांशी पैजा लावल्या होत्या. शेवटी त्याने स्वतःच पाना उचलला. धागा तालायने तसाच ठेवला. त्याची टोकं चाकामागे लोंबत होती.

समारंभाच्या सकाळी एर्मेक सासरी पोहोचला. "आपा, पहिल्या खड्ड्यापर्यंत बसा. पटलं नाही तर मी स्वतः बसमध्ये बसवून देतो."

आपा तयार झाल्या, पण एकट्या नाही. त्यांची बहीण बुरुल मावशी आली, मावशीचे यजमान आले, बोरसोकांचं, म्हणजे तळलेल्या कणकेच्या तुकड्यांचं गाठोडं आलं आणि शेवटी डिकीत जिवंत मेंढी.

"मेंढी पण?" एर्मेकचा आवाज चिरकला.

"नातीकडे हात हलवत जाऊ का, जावईबापू?"

पहिला खड्डा आला. एर्मेकने गाडी अगदी हळू घेतली. गाडी दबली, उठली, पुढे गेली. मेंढी एकदा बें करून गप्प झाली. "नव्या नवरीसारखी काय हाकताय? चला की!" आपा म्हणाल्या. शाळेपुढचा स्पीडब्रेकर येईपर्यंत मागून घोरण्याचा आवाज यायला लागला होता.

अंगणात सगळे स्वागताला दारात उभे, आणि विहीणबाई तोंड उघडं टाकून झोपलेल्या! उठवायची कुणाची छाती होईना. एर्मेकच्या वडिलांनी टोपी काढून पुन्हा घातली. शेवटी आयपेरीनेच काचेवर थाप मारली.

मुलं धावली, एका वेण्यावाल्या मुलीने सगळ्यांना मागे टाकून दोरी कापली, आयपेरी चार पावलं चालून आजीच्या झग्यात शिरली. टाळ्या झाल्या, मिठाई उधळली. मग आपा गाडीकडे वळल्या.

"जावईबापू, ती डबडी विकलीत, चांगलं केलंत. ही कधी घेतली?"

"आपा, ही तीच."

आपांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं, मग कंबरेवर हात ठेवून वाकल्या. चाकामागे काळी-पांढरी लोकर लोंबत होती. "हे काय? हिचे पण पाय बांधले होते?"

"मीच बांधले होते, आपा," एर्मेक मान खाली घालून म्हणाला.

आपांनी वेण्यावाल्या मुलीकडून कात्री घेतली, हात आत घातला आणि धागा कचकन कापला.

"कापणाऱ्याला बक्षीस द्यावं लागतं," त्या उठत म्हणाल्या. "परत जाताना हीच गाडी. आणि पुढे मी बसणार, बुरुलला मागे टाका."

जीबेकने गाडीचं दार उघडलं आणि आईसाठी पुढच्या सीटवर उशी ठेवली.