उत्तरपूजा

वासंतीने पाट सरळ केला, त्यावर मूठभर तांदळाची रास घातली आणि तांब्याचा कलश राशीवर अलगद टेकवला. पाट आग्रा रोडच्या अगदी मधोमध होता. सकाळचे नऊ वाजले होते, तरी डांबर मऊ पडू लागलं होतं. पाटाची एक कड त्यात किंचित रुतली.

समोर ट्रकांची रांग पार नाक्यापर्यंत गेली होती. पाठीमागे शंभरेक बायका बसल्या होत्या. त्यांच्या पुढ्यात पालथ्या घागरी.

“देव रस्त्यावर बसवलात, वासंतीबाई?” मागून कुणीतरी हसलं.

“बसू दे की,” जयवंती म्हणाली. तिचा नवरा कारखान्यात फिटर होता आणि कॉलनीतल्या बायकांना दारोदार फिरून तिनेच गोळा केलं होतं. “आपल्याला उचलून गाडीत टाकतील. देवाला हात लावायला कुणाचा बाप येतोय?”

कॉलनीच्या नळांना अकरा दिवस पाणी नव्हतं. त्या अकराही दिवस भरलेले टँकर याच रस्त्याने कारखान्यांकडे जात होते, मागे ओली रेघ सोडत. बायकांनी सात अर्ज दिले होते. सातांचीही पोच मिळाली होती. आता त्यांचं मागणं एवढंच होतं, की कॉलनीला आणि पलीकडच्या बस्तीला एक दिवसाआड टँकर येईल असं सहीनिशी कागदावर लिहून द्या.

कलशातलं पाणी सात घरांतून वाटी-वाटी आणलेलं होतं. वासंतीच्या घरात तेवढंही नव्हतं. वैशाखात ती रोज आधी कुणा तहानलेल्याला पाणी पाजायची आणि मगच स्वतः घोट घ्यायची. लग्नापासूनचा नेम. आज पाजायलाच काही नव्हतं, म्हणून तिचे ओठ सकाळपासून कोरडे होते. त्याबद्दल ती कुणाशी बोलली नव्हती.

“ए बाई! प्याज सड़ रहा है गाड़ी में!” एक ट्रकवाला ओरडला.

“तो सड़ने दे, भिया. हमारे बच्चे भी सड़ रहे हैं बिना नहाए!” जयवंतीने तिथूनच सुनावलं. दवाखान्याची गाडी मात्र तिनेच उठून, घागरी बाजूला करून, सोडली होती. दोनदा.

साडेदहाला जीप आली. पुढच्या सीटवरून श्रीपाद उतरला. चार महिन्यांपूर्वीच तो निमाडातून बदलून इथे एस.डी.एम. म्हणून, प्रांताच्या हुद्द्यावर, आला होता.

“यो साब थारो भाई हे कई?” बस्तीतल्या नर्मदाबाईंनी त्याला निरखत विचारलं. सत्तरीच्या नर्मदाबाई पहिल्या रांगेत, कलशाला लागूनच बसल्या होत्या.

“धाकटा,” वासंती म्हणाली.

काल कॉलनीत वाद झाला होता. म्हाताऱ्यांना आणावं की नको, काठ्या पडल्या तर काय, यावर घरोघर कुजबुज होती. तेव्हा वासंती पहिल्यांदाच सगळ्यांसमोर बोलली होती. धारला आमचे वडील देवस्थान खात्यात होते, त्यांच्या हाताखाली श्रीपाद वाढला, मांडलेली पूजा तो मोडायचा नाही, हा माझा शब्द. त्या शब्दावर नर्मदाबाई आल्या होत्या.

श्रीपाद घागरींपाशी थांबला. कलशाकडे पाहून त्याने नकळत हात जोडले. पहिल्या रांगेतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

“ताई, तू इथे?”

“नळ माझ्या घरीही आहे, श्रीपाद.”

“पाणी येईल. प्रयत्न चालू आहेत.”

“लिहून द्या,” जयवंती म्हणाली.

“असं रस्त्यात बसवून सरकारकडून लिहून घेता येत नाही, बाई. त्यासाठी रीतसर मार्ग असतात. अर्ज द्या.”

“सात दिले. तुमच्याच हापिसचे शिक्के आहेत. दाखवू?”

“हा रस्ता सगळ्यांचा आहे. एका कॉलनीने त्याला कुलूप घालायचं, ही लोकशाही नव्हे.”

“आणि पाणी कुणाचं आहे, साहेब? फक्त कारखान्याचं?”

मागून हशा उठला. श्रीपादने रुमालाने मान पुसली. आवाज उतरवून तो बहिणीला म्हणाला, “आज तुमच्यापुढे सही केली, तर उद्या प्रत्येक मोहल्ला घागरी घेऊन रस्त्यावर येईल. समजून घे.”

“मग प्रत्येक मोहल्ल्याला पाणी दे.”

“तू यात पडू नकोस, ताई.”

“बसले आहे मी. पडायचं काय राहिलं?”

तो वळून जीपपाशी गेला. ठाणेदार त्याच्या कानाशी लागला होता. त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण ठाणेदार पुन्हापुन्हा कलशाकडे बोट करत होता आणि श्रीपाद मान हलवत होता. नाही. नाही.

“बघा,” वासंती हलकेच म्हणाली.

बारा वाजता श्रीपाद परत आला. या वेळी त्याने घागरींच्या अलीकडे बूट काढले, मोजे काढून बुटांत खोचले आणि तापलेल्या डांबरावरून अनवाणी चालत पाटापाशी आला. मांडी घालून बसला. बायकांची कुजबुज थांबली. तो घरच्या देवघरात बसायचा, तसाच बसला होता, पाठ ताठ, डोळे खाली. जयवंतीने सहीच्या कागदाची घडी उलगडून मांडीवर ठेवली आणि लेखणी चाचपली.

श्रीपादने उजवा तळवा पुढे केला.

“अक्षता, ताई.”

वासंतीचा हात उठला. लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून तिने हजारदा दिल्या होत्या तशाच, कुंकवाच्या अक्षता चिमटीने उचलून तिने त्याच्या तळव्यावर ठेवल्या. ठेवल्यावर तिच्या ध्यानात आलं.

“श्रीपाद...”

त्याने डोळे मिटले होते. मंत्र त्याला अजून स्वच्छ येत होता, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. अक्षता कलशावर पडल्या. ‘पुनरागमनाय च’ म्हणून त्याने दोन्ही हातांनी कलश धरला आणि उत्तरेकडे चार बोटं सरकवला. मग आंब्याच्या डहाळीने कलशातलं पाणी समोरच्या बायकांच्या डोक्यांवर शिंपडलं. सवयीने काहींनी डोकी पुढे केली. नर्मदाबाईंनी हात जोडले.

तो उठला, बुटांपर्यंत गेला, वाकून मोजे घातले, नाड्या बांधल्या.

“पूजा विसर्जित झाली आहे,” तो ठाणेदाराला म्हणाला. “अब रास्ता खाली कराइए.”

पहिली काठी घागरीवर पडली. पितळेचा तो आवाज रस्ताभर घुमला, आणि त्यानंतरचे आवाज पितळेचे नव्हते.

तिसऱ्या प्रहरी ठाण्याच्या अंगणात चाळीस बायका भिंतीच्या सावलीला बसवल्या होत्या. नर्मदाबाईंच्या कपाळावर टेंगूळ होतं. जयवंतीचं मनगट सुजलं होतं आणि तिने ते पदराने गळ्यात बांधलं होतं. वासंतीला कुठेच लागलं नव्हतं. तिच्या दोन्ही बाजूंना हातभर जमीन मोकळी होती. सावली अपुरी होती, तरी तिथे कुणी बसलं नव्हतं.

बाहेरच्या रस्त्यावरून टँकर गेला. कुणी मान वळवली नाही.

एक शिपाई चांदीचा लोटा घेऊन आला. वर झाकणी, आत तुळशीचं पान.

“साहब ने भिजवाया है. बोले, दीदी का नेम रहता है.”

“आणि बाकीच्यांना?”

“उनका आर्डर नहीं है.”

वासंतीने लोटा घेतला. भाऊबीजेला तिनेच त्याला दिलेला होता. ती उठली आणि नर्मदाबाईंपुढे जाऊन बसली.

“आधी तुम्ही घ्या.”

म्हातारीने लोट्याकडे पाहिलं. तिची जीभ ओठांवरून फिरली. मग तिने तोंड भिंतीकडे केलं. “थारा भाई को पाणी हे. तू पी.”

पुढची म्हणाली, त्याचं पाणी नको. तिच्या पुढचीने तो नुसता पुढे दिला. लोटा हातोहात सरकत रांगेच्या टोकाला गेला आणि तसाच भरलेला परत आला. मध्ये फक्त जयवंती बोलली.

“अक्षता तुम्ही दिल्यात.”

“हो.”

“कशाला मागतोय ते कळलं नाही?”

“त्याने हात पुढे केला,” वासंती म्हणाली. तिने स्वतःच्या चिमटीकडे पाहिलं. “मी दिल्या.”

ती लोटा घेऊन अंगणातल्या कडुनिंबाच्या आळ्यापाशी गेली. डाव्या हाताने लोटा कलता करून तिने उजव्या हातावर धार धरली. मनगट, तळवा, मग एकेक बोट. चिमटीला कुंकवाचा डाग राहिला होता, तो अंगठ्याने चोळला. चाळीस बायका ती धार बघत होत्या. कुणाच्या तरी घशातून आवाज आला. लोट्यात थेंब होता तोवर तिने हात मागे घेतला नाही.

तुळशीचं पान बोटांना चिकटलं होतं. ते तिने आळ्यात ठेवलं आणि लोटा शिपायाला दिला.

“साहेबांना सांग, पोचलं.”

ती परत आली, तेव्हा जयवंतीने तिच्याकडे पाहिलं नाही. फक्त आपल्या शेजारी काढून ठेवलेल्या चपला चांगल्या हाताने उचलल्या आणि एका माणसापुरती जागा करून पलीकडे ठेवल्या.