नाल्याकडची गाठ

वच्छलाचं पत्र पोळ्याच्या आधी आलं होतं. आता दिवाळी तोंडावर आली, धान पिवळं पडलं, तरी देवाजीनं लेकीला उत्तर धाडलं नव्हतं. तीन आंतरदेशीय पत्रं लिहिली आणि फाडली. एकदा अक्षर वाईट वाटलं, एकदा मजकूर उद्धट वाटला, तिसऱ्यांदा तर काय वाटलं तेही कळलं नाही. विहारातलं पुस्तकांचं कपाट सांभाळणारा हा माणूस, पण पोटच्या पोरीला चार ओळी लिहायच्या तर हात थांबे. तिचं पत्र मात्र वाचून वाचून पाठ झालं होतं.

'बाबा, निघा आता तिथून,' तिनं भद्रावतीहून लिहिलं होतं. 'किती दिवस जंगलाच्या तोंडाशी राहाल? पिकवता तुम्ही आणि खातात डुकरं. इथं क्वार्टर आहे, नळ आहे, पक्कं कुंपण आहे. आईला घेऊन या.'

यात खोटं काय होतं? सिंदेवाहीच्या पलीकडे, जंगलाला खेटून त्याची अर्ध्या एकराची बांधी, म्हणजे धानाचं शेत. रानडुकरं आधी त्याच्या धानात उतरत, तिथून शेजारच्या लटारूच्या. बाकीचे शेतकरी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभे राहून अशी हाळी देत की जंगल घुमे. देवाजीच्या गळ्यातून आवाजच निघत नसे. विहारात दोन शब्द बोलायचे म्हटले तरी त्याला घाम फुटे.

"डुकराईले मालूम हाये भाऊ," लटारू परवा भांडायलाच आला होता. "हा माणूस हाकलत नाई, बसून पुस्तक वाचते. यंदा माहं धान गेलं तं मी गप नाई बसणार. होत नसन तं देऊन टाका बांधी कोणाले!"

ते शब्द देवाजीला दोन दिवस टोचत राहिले. जेवणावर मन नाही, वाचनावर नाही. मग एका जुन्या मासिकात त्याला सापडलं की रंगीत कापड ओलांडायला डुक्कर बिचकतं. त्यानं बायकोची पाच जुनी लुगडी मागितली.

"माही लुगडी डुकराईले नेसवता का?" ठमाबाई म्हणाली, पण दिली.

त्यानं पट्ट्या फाडल्या, खुंट्या ठोकल्या आणि दुपारभर खपून चारी बाजूंनी कापड ताणलं. कुठं हातभर फट ठेवली नाही. शेवटची गाठ नाल्याकडची, जंगलाच्या बाजूची. ती त्यानं दुहेरी मारली.

दिवस कलला तेव्हा कळलं, डुकरीण आतच होती. पाच पिल्लं घेऊन सकाळपासून उंच धानात पडून राहिलेली. उठून ती नाल्याकडे धावली, कापड पाहून बिचकली, वळली. दुसऱ्या धुऱ्याकडे गेली, तिथंही लुगडं. मग ती गोल गोल फिरू लागली आणि दर फेऱ्याला धान आडवं होऊ लागलं.

लटारू पळत आला. "भाऊ, वाट कुठी ठेवली?"

"कोनती वाट?"

"तिले जायची! आमचा बाप नाल्याकडं सोडे. वाट नसली तं थे पागल होते ना गा!" तो नाल्याकडे धावला. "मी गाठ सोडतो. बाजूले झालो का तुमी तिकडून हाळी द्या!"

दुहेरी गाठ सुटेना. लटारूनं विळ्यानं कापली आणि बाजूला उडी मारली. "द्या!"

देवाजीनं तोंड उघडलं. आवाज नाही. डुकरीण अजून एक फेरा फिरली, अजून एक पट्टा धान गेलं.

"द्या ना, भाऊ!"

हाळीचा शब्दच आठवेना. आणि मग जे पाठ होतं तेच बाहेर आलं.

"निघा आता तिथून!" देवाजी ओरडला. डुकरीण थबकली. "किती दिवस जंगलाच्या तोंडाशी राहाल? पिकवता तुम्ही आणि खातात डुकरं! इथं क्वार्टर आहे, नळ आहे, पक्कं कुंपण आहे!"

ती उलटी फिरली, उघडी जागा तिला दिसली आणि ती नाल्यात उतरली. मागोमाग ओळीनं पाच पिल्लं.

लटारू हसता हसता धुऱ्यावरच बसला. "डुकरिनीले क्वार्टर देता का, भाऊ? आन येवढा आवाज होता तं इतकी वर्सं कुठी ठेवला होता?"

देवाजी आडव्या धानातून फेरी मारून आला. बांधीचा चौथा हिस्सा सपाट झाला होता.

गोष्ट त्याच्या आधी घरी पोचली होती. "पोरीचं पत्र डुकराईले वाचून दाखवलं म्हनते," ठमाबाई म्हणाली. "आता पोरीले उत्तर तरी धाडा."

सकाळी त्यानं चौथं आंतरदेशीय घेतलं. एका दमात लिहिलं, परत वाचलं नाही.

'वच्छला, सप्रेम जयभीम. उशीर झाला. काल बांधीत डुकरीण होती, गेली. पुन्हा येईल. चौथा हिस्सा धान आडवं झालं, बाकी उभं आहे. ते कापल्यावर तुझी आई आणि मी येऊ, आठ दिवस राहू. परतीची गाडी कोणत्या वेळेला असते ते विचारून ठेव.'

शाळेच्या भिंतीवरच्या लाल पेटीत पत्र टाकलं. ते आत पडल्याचा आवाज ऐकला, आणि मग तो भरभर बांधीकडे निघाला. नाल्याकडची वाट अजून दोन हात रुंद करायची होती.