घोडा ठेवा

मुंबईच्या सिनेमा कंपनीकडून तपासून परत आलेला खोका राजवर्धनने टेबलावर उघडला आणि थर्माकोलमधून एकेक बाहुली काढून ओळीने मांडली. सरदार, सरदाराचा भाऊ, खलनायक, तोच खलनायक जखमी झालेला. प्रत्येकाच्या तळाला मंजुरीचा हिरवा ठिपका चिकटवलेला होता. शेवटी निघाला घोड्यावरचा निशाणवाला. त्याच्या तळाला तांबडा ठिपका होता.

"तात्या, हा कोण?"

नाथाजी दारात हात पुसत उभा होता. "सैनिक," तो म्हणाला. "करारात सैनिकच लिवलाय न्हवं."

"त्यांनी ओळखला याला."

नाथाजी हात पुसतच राहिला.

इस्लामपुरातल्या या छोट्या कारखान्यात सिनेमातल्या पात्रांच्या बाहुल्या बनत. हौशी लोक त्या काचेच्या कपाटात ठेवत. राजवर्धन मालक, बाहुलीचा मूळ नमुना घडवायचे काम नाथाजीचे. पण कोणाची बाहुली व्हायची, हे दोघांच्याही हातात नव्हते. नायिकेची नव्हती, कारण तिचा चेहरा आधीच दिल्लीच्या एका कंपनीला विकलेला होता. खलनायकाच्या दोन होत्या, कारण त्याने दोन्हींना सही दिली होती. घोडा होता, कारण घोडा सिनेमा कंपनीच्या मालकीचा. निशाणवाल्या सैनिकाला मात्र करारात नाव नव्हते, चेहराही नव्हता. ती रिकामी जागा पाहूनच तिथे एक ओळखीचा चेहरा बसवायचे नाथाजीच्या मनात आले होते.

आटपाडीकडच्या बयाबाईची मेंढरे दर हिवाळ्यात आष्ट्याजवळ नाथाजीच्या रानात खतासाठी बसत. तिचा मुलगा सूरज लहानपणापासून बिऱ्हाडाच्या घोड्यावर बसून यायचा, लगामाला हात न लावता. वाईजवळ लढाईचे शूटिंग होते तेव्हा सिनेमावाल्यांनी त्याला स्वार म्हणून नेले. घोडा कोसळला, त्याच्याखाली सूरज सापडला. दवाखान्यातून तो जिवंत परत आला नाही. सिनेमात ते पडणे तसेच ठेवले होते. विट्याच्या थेटरात बयाबाईने ते पाहिले, तेव्हा भोवतीची पोरे शिट्ट्या मारत होती. शेवटी नावे सरकू लागली तशी तिने धाकट्या लेकीला, अपेक्षाला, ती वाचायला लावली. घोडे सांभाळणाऱ्यांची नावे होती, जेवण पुरवणाऱ्यांची होती. सूरजचे नव्हते.

मागच्या हिवाळ्यात ती नाथाजीला म्हणाली होती, "तात्या, त्या शिनेमाच्या बाहुल्या तुमीच करताय म्हनं. माजा सूरज बी दुकानात ठेवा की. लोक इकत घेत्याल. कुनाच्या तर घरात ऱ्हाईल."

दुकानाचे आपल्या हातात नाही, घरच्या घरी मातीचा करून देतो, असे त्याने सांगून पाहिले.

"मातीचा नगं," ती म्हणाली. "मातीत त्येला आमीच ठेवलाय."

नाथाजीला स्वतःच्या हाताचा कधी भरवसा वाटला नव्हता. तरुणपणी तो गणपती करायचा. सोंड जमायची, डोळे जमायचे नाहीत. एकदा गावातल्या मास्तरांचा अर्धपुतळा केला, तर मास्तरांच्या बायकोने हे कोण म्हणून विचारले. सूरजच्या वेळी मात्र काय झाले कोण जाणे. भुवईतली खाच आली. हसू दाबताना एका बाजूला ओढला जाणारा ओठ आला. रंगकाम करणारी सुलाबाई ब्रश खाली ठेवून म्हणाली, "तात्या, ह्यो आता हाक मारंल बगा." साऱ्या आयुष्यात हा एक चेहरा त्याला साधला होता. जरा कमी साधला असता तर हिरवा ठिपका मिळाला असता.

राजवर्धन हळू आवाजात समजावत होता. मेलेल्या पोराच्या घरच्यांनी कोर्टात दावा लावला आहे. तो आमचा माणूसच नव्हता, असे सिनेमावाले तिथे सांगतात. आता त्यांच्याच शिक्क्याने त्याची बाहुली विकली तर कसे चालेल?

दाढी लावतो, तोंडावर जाळी घालतो, असे नाथाजीने सुचवले.

"मी विचारलं, तात्या. ते म्हणाले, घोडा ठेवा, माणूस काढा." त्याने खिशातून मोबाइल काढला. "साचा नष्ट करून व्हिडिओ पाठवायचाय. करार गेला तर इथं काम करणाऱ्या या सगळ्या बायका उद्या लोकांच्या रानात भांगलायला जातील. मी काय करू, सांगा."

"न्हाई, तुमचं बरोबर हाय," नाथाजी म्हणाला.

साचा रबराचा. तो फुटत नाही, कापावा लागतो. राजवर्धनने मोबाइल धरला. "तुमचं तोंड नको यायला, हात पुरेत," तो म्हणाला. नाथाजीने पाते कपाळाच्या बाजूने घातले. मग नमुना घोड्यावरून उपटला आणि हातोडी घेतली. सुलाबाई उठून बाहेर गेली.

पहिले खोके तयार झाले तेव्हा मेंढरे पुन्हा रानात बसली होती. नाथाजी सकाळीच एक खोका घेऊन गेला. बयाबाई चुलीपुढे होती. तिने हात लुगड्याला पुसले आणि खोका अपेक्षाकडे दिला. त्यावर सोनेरी अक्षरांत नाव होते. अपेक्षाने वाचले, "रणवारा." मग म्हणाली, "आये, ह्ये घोड्याचं नाव हाय."

बयाबाईने घोडा बाहेर काढला, चारी बाजूंनी फिरवून पाहिला. "ह्याच्यावर बसवायचा ऱ्हायला व्हय, तात्या?"

"बसवला हुता. काढाय लावला."

"कुनी?"

"शिनेमावाल्यांनी."

"का?"

"ओळखला त्येंनी."

घोडा हातात तसाच धरून तिने चुलीतले लाकूड पुढे सरकवले. 

"मंजे तुमी चांगला केला हुता," ती म्हणाली.



पालाच्या कोपऱ्यात देव ठेवायची वेताची पाटी होती. बयाबाईने तिच्यात बिरोबाशेजारी घोडा उभा केला आणि चिमटीत भंडारा घेतला. हात घोड्याच्या कपाळाकडे गेला, मधेच थांबला. मग तिने भंडारा खोगिरावर लावला, जिथे कोणी बसलेले नव्हते तिथे.