न तुटणारी रेघ

रामदासपेठेतल्या त्या बाळांच्या इस्पितळात सोनिका खरं तर स्क्रीनचे रंग बदलायला आली होती. ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्यांतल्या बाळांचं तापमान दाखवणारा प्रोग्राम तिनेच लिहिलेला. पेट्या जुन्या, त्यांना धोक्याचा इशारा देणारा स्वतःचा भोंगा नव्हता. तिसऱ्या पेटीची रेघ पाहता पाहता ती स्क्रीनच्या जवळ सरकली. ३६.६. पुन्हा ३६.६. पुन्हा तेच. जिवंत अंगाचा शेवटचा आकडा थोडा तरी हलतोच.

ऑफिसातल्या मार्तंडशी तिचा याच प्रोग्रामवरून वाद झाला होता. त्याला प्रोग्रामसाठी कडक संगणक-भाषा हवी होती: तापमान मोजणाऱ्या सेन्सरकडून काही आलंच नाही तर काय करायचं, हे लिहिल्याशिवाय प्रोग्राम चालूच न देणारी. सोनिकाने ते हसण्यावारी नेलं. तिने मोकळी भाषा निवडली आणि आलेखाचं एक देखणं टूल. आकडा आला नाही की ते मागचाच भरायचं, रेघ तुटायची नाही. डॉक्टरांना तुटक रेघ आवडत नसे.

"टूलनं आपल्याशी भांडलं पाहिजे," मार्तंड म्हणाला होता. "गप बसणाऱ्याचं मले भ्याव वाटते."

सेन्सर आणि हीटर एकाच प्लगवर होते. प्लग सैल झाला असेल, तर हीटरही बंद; पण कधीपासून? स्क्रीनवरून ते कळायला मार्गच नव्हता. गुपचूप प्रोग्राम पुन्हा सुरू करून चूक झाकावी, असंही क्षणभर मनात आलं. मग तिला स्वतःचीच भीती वाटली.

"सिस्टर, तीन नंबरच्या बाळाले हात लावून पाहा."

शेजारच्या पेटीपाशी अरुंधती सिस्टर दूध पाजत होत्या. "काहून वं? छत्तीस सहा दाखवून राहिलं ना. तूच तर म्हणे, घडीघडी पाहाची गरज नाही."

"ते खोटं आहे. मीच लिहिलंय."

सिस्टरांनी तिसऱ्या पेटीच्या झरोक्यातून हात आत घातला. त्यांचा चेहरा बदलला. "पाय गार पडले," त्या हळूच म्हणाल्या आणि बाळ उचलून दाराशी बसलेल्या त्याच्या आईच्या छातीशी दिलं. डॉक्टर धावत आले. बऱ्याच वेळाने बाळ किरकिरलं, अगदी बारीक.

बाकीच्या रेघा हलत होत्या. तरी सोनिकाने सगळे स्क्रीन बंद केले आणि प्रत्येक बाळाला हात लावून पाहायला सांगितलं. सिस्टर एकेका पेटीशी थांबत होत्या, आणि त्यांनी होकारार्थी मान डोलावेपर्यंत सोनिका पुढच्या पेटीकडे सरकत नव्हती.